दगडी धरण पाझरतंय, म्हणजे ते फुटणार का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराला पाणी पुरवणारं दगड-चुन्याचं धरण शंभर वर्षांहून जुनं आहे, उंची तीसेक मीटर. जलाशय भरला की भिंतीच्या खालच्या अंगाला (जलाशयाच्या विरुद्ध बाजूला) ठिकठिकाणी ओल येते, पांढरे ओघळ दिसतात, पायथ्याशी पाणी वाहतं. पालिका म्हणते धरण भक्कम आहे. गावात बोललं जातं की आज ना उद्या जाणार. खरं काय, ते कशावरून ठरवायचं, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची?

पाझरतंय एवढ्यावरून धरण फुटणार असं म्हणता येत नाही. इतकी वर्षं उभं आहे एवढ्यावरून ते भक्कम आहे असंही म्हणता येत नाही. सह्याद्रीतला काळा पाषाण शंभर-दीडशे वर्षांत थकत नाही. जुन्या धरणात चुना झिजतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि आजच्या हिशोबाने सांडवा अपुरा पडतो. पण सगळ्यात घातक असतो तो भिंतीच्या आत आणि पायाखाली साठलेला पाण्याचा दाब. तो बाहेरून दिसत नाही. गळती डोळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते, आणि पुष्कळदा नेमकी चुकीची दुरुस्ती त्यातूनच केली जाते.

पायाखालचा दाब

असं धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. जलाशयाचं पाणी भिंतीला आडवं ढकलतं आणि भिंत वजनाच्या जोरावर जागची हलत नाही. १८९५ पर्यंत बहुतेक ठिकाणी हिशोब एवढाच होता. त्या वर्षी फ्रान्समधलं बुझे धरण फुटलं आणि पायाखाली व सांध्यांत शिरलेलं पाणी भिंतीला वर उचलतं, हे अभियंत्यांच्या गळी उतरलं. यालाच अपलिफ्ट म्हणतात. खडकवासला (१८७९) आणि तानसा (१८९२) ही धरणं त्याआधीची. त्या पिढीच्या धरणांचा छेद (भिंतीचा आडवा काप) आखताना हा दाब धरला जात नसे. त्यानंतरही बरीच वर्षं तो पुरेसा धरला गेला नाही.

याने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहा. ३० मीटर उंच, पाण्याकडचं अंग उभं, तळाशी २० मीटर रुंद, असा त्रिकोणी छेद घ्या. जुन्या धरणांची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असायची, म्हणून हे उदाहरण. दगडकामाची घनता २.३ धरली तर एक मीटर लांबीच्या पट्ट्याचं वजन ६९० टन भरतं. जलाशय काठोकाठ असताना पाण्याचा आडवा रेटा ४५० टन. रेटा भागिले वजन म्हणजे ०.६५. दगड आणि खडक यांच्यातल्या घर्षणावरच हे जवळजवळ भागतं. वजन आणि रेटा यांचा एकत्रित जोर खालच्या कडेपासून ६.८ मीटरवर पडतो, म्हणजे तळाच्या मधल्या तिसऱ्या भागात. त्यामुळे पाण्याकडच्या कडेला ताण येत नाही. कागदावर धरण उत्तम.

आता पायाखाली पूर्ण अपलिफ्ट धरा: पाण्याकडच्या कडेला ३० मीटरचा दाब, खालच्या कडेला शून्य. वर उचलणारा जोर ३०० टन. उपयोगी वजन उरलं ३९० टन. रेटा आणि वजनाचं गुणोत्तर १.१५ वर गेलं, म्हणजे नुसत्या घर्षणावर भिंत उभी राहू शकत नाही. चुन्याने दगड खडकाला किती चिकटून आहे यावर सगळी भिस्त. एकत्रित जोर खालच्या कडेपासून जेमतेम १.८ मीटरवर. पाण्याकडच्या कडेला ताण येतो, तिथला सांधा उघडतो, त्यात पूर्ण दाबाचं पाणी शिरतं आणि सांधा आणखी उघडतो.

तिसरी स्थिती: पाण्याकडच्या कडेपासून ३ मीटरवर निचऱ्याच्या भोकांची रांग आहे आणि ती वाहती आहे. भारतीय मानकाप्रमाणे या रांगेपाशी दाब एक तृतीयांश धरतात. मग उचलणारा जोर ३०० वरून १४५ टनांवर येतो, गुणोत्तर ०.८३ होतं आणि एकत्रित जोर ४.८ मीटरवर सरकतो. मधल्या तिसऱ्या भागात तो अजून आलेला नाही, म्हणून नुसत्या भोकांनी काम संपत नाही. पण धोक्याच्या टोकावरून भिंत बरीच मागे आली, तीही काही इंच व्यासाच्या भोकांनी. तुमच्या धरणाचा छेद वेगळा असेल, आकडे बदलतील. तर्क हाच राहील.

हे पुस्तकी भय नाही. ग्वाल्हेरजवळचं तिग्रा धरण १९१७ मध्ये फुटलं ते असंच. पाया वालुकाश्माचा, त्यात पाणी मुरलेलं, वरून पुराचं पाणी माथ्यावर चढलं आणि दगडी भिंतीचे भाग सरकून गेले. आपल्याकडे प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. १९६९ मध्ये त्याला मोठी गळती लागली आणि भेगा दिसल्या. पुढे खालच्या अंगाला आधारभिंती बांधून ते बळकट करावं लागलं. ते वाचलं, कारण धोका ओळखून काम झालं.

गळती मोजायची कशी

"गळती वाढली आहे" या वाक्याला आकड्याशिवाय काही अर्थ नाही. पायथ्याची गटारं एका जागी आणून तिथे काटकोनी व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, बसवायची. पातळ धारेची स्टीलची पट्टी, खाच बरोबर ९० अंशांची, पट्टीच्या खाली आणि बाजूला पाणी निसटत नाही ना हे पाहून बसवलेली. पाण्याची उंची खाचेपाशी मोजायची नाही, कारण तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. खाचेवरच्या उंचीच्या चौपट अंतर मागे मोजपट्टी लावायची. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, १० असेल तर ४.४ लिटर, १५ असेल तर १२ लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाचपटीहून जास्त होतो. म्हणून एका सेंटिमीटरची चूकही लहान समजायची नाही. खाचेत शेवाळ धरलं की आकडा फुगतो, तेव्हा वाचनाआधी ती पुसून घ्यायची.

भिंतीचा डावा भाग, मधला भाग आणि उजवा भाग यांना शक्यतो वेगळ्या खाचा हव्यात. एकच खाच असली तर एकीकडची वाढ दुसरीकडच्या घटीत दडून जाते. पावसाळ्यात टेकडीवरून उतरणारं पाणी त्यात मिसळतं, म्हणून दोन-तीन कोरड्या दिवसांनंतरचं वाचन वेगळं नोंदवायचं. त्याच वहीत जलाशयाची पातळी आणि हवेचं तापमान. तापमान का, तर थंडीत दगड आकसतो आणि सांधे किंचित उघडतात. त्याच पातळीला जानेवारीची गळती ऑक्टोबरपेक्षा जास्त येऊ शकते, आणि तो बिघाड असेलच असं नाही. जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशी करायची.

आडव्या अक्षावर जलाशयाची पातळी, उभ्या अक्षावर गळती, दर वर्षाची वेगळी रेघ, असा आलेख काढा. रेघा एकमेकींवर बसत असतील तर गळती स्थिर आहे. दर वर्षी रेघ वर सरकत असेल तर चुना निघून चालला आहे. एखाद्या ठरावीक पातळीला रेघ एकदम उसळत असेल तर त्या उंचीवर पाण्याकडच्या अंगात उघडा सांधा किंवा भेग आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नेमकं तिथे शोधता येतं. आणि पातळी तीच असून गळती कमी झाली असेल तर आनंद मानण्याआधी निचऱ्याची भोकं तपासा. भोकं क्षारांनी बुजल्यानेही गळती कमी होते, आणि तेव्हा आतला दाब वाढत असतो. पायात उभ्या नळ्या बसवून त्यातली पाण्याची पातळी मोजत राहिलं, तर या दोन शक्यता वेगळ्या करता येतात.

चुना किती चालला आहे

पांढरे ओघळ म्हणजे मसाल्यातला विरघळलेला चुना हवेशी संयोग होऊन पुन्हा घट्ट झालेला. त्या काळी चुना आणि सुरखी (भाजक्या विटेची पूड) किंवा वाळू घाणीत दळून मसाला करत. चांगला मुरलेला असा मसाला आजही छिन्नीला दाद देत नाही. पण सगळीकडे तो सारखा मुरला असेल असं नाही. दर्शनी घडीव दगडांच्या मागे, भिंतीच्या पोटात, अनगड डबर भरलेला असतो. तिथे मसाला कमी पडला, पोकळ्या राहिल्या, तर पाणी त्याच वाटा धरतं. सह्याद्रीच्या माथ्याला पडणारं पावसाचं पाणी फार मऊ असतं आणि मऊ पाणी चुना पटकन विरघळवतं. कोकण-घाटमाथ्याच्या धरणांत हा त्रास म्हणूनच जास्त.

किती चुना गेला याचा अंदाज घरच्या प्रयोगशाळेत येतो. पाणीपुरवठा विभागाकडे कठीणपणा तपासण्याची सोय असतेच. एक नमुना जलाशयाचा, एक गळतीचा. समजा गळती सेकंदाला ५ लिटर आणि दोन्ही नमुन्यांच्या कठीणपणात लिटरमागे ४० मिलिग्रॅमचा फरक आहे. दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर पाणी वाहतं, म्हणजे रोज सुमारे १७ किलो कॅल्शियम कार्बोनेट इतका ऐवज भिंतीतून निघतो. वर्षातले आठ महिने गळती अशीच राहिली तर चार टनांवर. पायाच्या खडकातून आलेलं पाणीही कठीणपणा वाढवतं, म्हणून भिंतीच्या अंगावरचा नमुना आणि पायथ्याच्या झऱ्याचा नमुना वेगळे ठेवावेत.

गढूळपणा त्याहून महत्त्वाचा. पारदर्शक बाटलीत पाणी रात्रभर ठेवा. तळाशी माती बसली तर ते पाणी भिंतीतून फक्त पाझरत नाही, पायातून किंवा कडेच्या टेकडीतून माती घेऊन येत आहे. दख्खनच्या कातळात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबडा, मऊ, मातीसारखा थर असतो, त्याला बोल म्हणतात. दगडी भिंत जिथे मुरमाच्या टेकडीला भिडते तो सांधाही कच्चाच. या दोन जागांची गळती कितीही थोडी असली तरी तिला पहिला क्रमांक द्यावा. भिंतीच्या मध्यावर दिसणारी ठळक ओल त्यामानाने सौम्य.

आत काय आहे ते पाहणं

डोळ्यांनी पाहणीला पर्याय नाही, पण ती भिंतीच्या चामडीपर्यंतच जाते. पोटाचं काम कळायला माथ्यावरून पायाच्या खडकापर्यंत भोकं पाडून गाभा, म्हणजे आतल्या दगडकामाचा लांब गोल नमुना, काढावा लागतो. ७५ मिलिमीटर व्यासाचा गाभा पुरतो. निघालेले तुकडे पेटीत क्रमाने मांडायचे. शंभर सेंटिमीटर खणल्यावर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर अखंड गाभा हाती आला तर काम चांगलं. तीस-चाळीसच आला, मसाला धुऊन निघाला, खणताना पाणी परत वर येईनासं झालं, तर त्या खोलीवर पोकळी आहे. दगड आणि मसाला, आणि दगडकाम आणि खडक, यांचा सांधा गाभ्यात जुळलेला आहे की सुटलेला, हे पाहणं सगळ्यात मोलाचं.

त्याच भोकात पाणी दाबून झिरपण्याची चाचणी घेतात. लुजॉन हे तिचं माप: १० बार दाबाखाली दर मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर पाणी शिरलं तर एक लुजॉन. जुन्या दगडकामावर मात्र १० बार दाब लावायचा नाही. तेवढ्या दाबाने सांधे उचकटतात. दीड-दोन किलो प्रति चौरस सेंटिमीटरला मोजून आकडा हिशोबाने वाढवतात. दोन भोकांमधून ध्वनिलहरी पाठवून मधल्या दगडकामाचा वेग मोजण्याची पद्धतही चांगली आहे. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा असं काम करते. वेग कमी आला तिथे पोकळी किंवा कमजोर मसाला.

पाण्याकडचं अंग मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, जलाशय तळाशी असताना, शिडी-पाळण्यावरून दगड न् दगड पाहायचं. रंगाने प्रत्येक उघडी दरज खुणावायची, साखळी-अंतर (धरणाच्या टोकापासूनचं अंतर) आणि उंची लिहायची. कायम पाण्याखाली राहणारा भाग पाणबुड्यांकडून किंवा पाण्याखालच्या कॅमेऱ्याने.

दुरुस्ती

नियम एकच लक्षात ठेवायचा: पाणी अडवायचं ते पाण्याकडच्या अंगाला, आणि आत शिरलेलं पाणी खालच्या अंगाने मोकळं जाऊ द्यायचं. नेमकी याच्या उलट दुरुस्ती फार ठिकाणी होते. खालचं अंग लोकांना दिसतं, तिथे ओल दिसते, म्हणून तिथेच सिमेंटचा गिलावा किंवा गनायटिंग (दाबाने फवारलेला सिमेंटचा मसाला) मारून ओल दिसेनाशी केली जाते. फोटो छान येतात. आत मात्र पाणी कोंडतं, भिंतीच्या पोटातला दाब पाण्याकडच्या दाबाजवळ जातो आणि वर मांडलेल्या दुसऱ्या स्थितीकडे धरण सरकतं. काही वर्षांनी तो गिलावा पोपडे धरून सुटतो, ते सुदैवच म्हणायचं. खालच्या अंगाच्या दरजा भरायच्याच असतील तर दर दीड-दोन मीटरवर निचऱ्याच्या नळ्या ठेवूनच.

पाण्याकडच्या दरजा भरताना सैल मसाला ५० ते ७५ मिलिमीटर खोल खरवडून काढायचा, दाबाच्या पाण्याने धुवायचा, दरज ओली पण पाणी साचलेली नसावी, आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा मसाला ठासून भरायचा. वरवर थापलेला मसाला एका पावसाळ्यात निघतो. चौदा दिवस पाणी मारणं उन्हाळ्यात अवघड जातं. सकाळी लवकर आणि संध्याकाळीच काम करून दिवसा ओलं गोणपाट ठेवावं. कंत्राटाचं मोजमाप नुसत्या चौरस मीटरवर ठेवलं तर खोली कोणी पाहत नाही. दर शंभर चौरस मीटरमागे काही दरजा उकरून खोली तपासायची अट निविदेतच घाला.

ग्राउटिंग, म्हणजे भोकांतून पातळ सिमेंट दाबून पोकळ्या भरणं, हे मोठं काम. माथ्यावरून पाण्याकडच्या अंगाजवळ भोकांची रांग घेतात: आधी दर तीन मीटरवर, मग मधल्या जागी. सुरुवात पातळ मिश्रणाने, सिमेंटच्या दहापट पाणी, आणि शोषण चालू राहिलं तर टप्प्याटप्प्याने घट्ट. दाब कमी ठेवायचा. जास्त दाबाने ग्राउट पोकळीत जाण्याऐवजी दगडकामाचा थर उचलतं आणि नवी सपाट भेग तयार करतं. गेजवर दाब एकदम पडला आणि शोषण वाढलं तर हेच झालं समजा. एका भोकात एखादं पोतं सिमेंट जाईल, शेजारच्यात पन्नास जातील. म्हणून पोत्यांवर पैसे ठरवलेल्या कंत्राटात प्रत्येक भोकाची खोलीवार नोंदवही असलीच पाहिजे. शेवटी मधोमध तपासणीची भोकं घेऊन झिरपण पाच लुजॉनच्या आत आली का पाहायचं.

क्रम चुकवू नका: आधी ग्राउटिंग, नंतर निचऱ्याची भोकं. उलट केलं तर ग्राउट निचऱ्यातच जाऊन बसतं. जुनी भोकं असतील तर ग्राउटिंग चालू असताना त्यांतून पाणी वाहतं ठेवावं आणि काम संपल्यावर प्रत्येक भोक पुन्हा खोदून घ्यावं. नवी भोकं ७५ ते १०० मिलिमीटरची, तीन मीटर अंतरावर, पायाच्या खडकात शिरणारी.

पाण्याकडच्या अंगावर पीव्हीसीचा जाड पडदा ताणून बसवणं हा आणखी एक उपाय. तमिळनाडूतल्या कदंपराई या दगडी धरणावर २००५ मध्ये तो वापरला आणि मोठी गळती जवळजवळ थांबली. खर्च जास्त, आणि अंगाचा बराच भाग कोरडा मिळायला हवा. शहराचा एकच पाणीस्रोत असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत विभागून करावं लागतं.

हिशोबात धरण स्थिरतेला कमी पडत असेल तर यातलं काहीच पुरत नाही. वजन वाढवावं लागतं. खालच्या अंगाला काँक्रीटचा किंवा दगडकामाचा पाठिंबा, आधारभिंती, किंवा माथ्यावरून खडकात रोवलेल्या ताणलेल्या तारा. नवं काँक्रीट थंड होताना आकसतं आणि जुन्या अंगापासून सुटू पाहतं. जोडणीच्या सळया आणि मधे निचऱ्याचा थर नसेल तर नवी भिंत नुसती शेजारी उभी राहते. हे काम जलाशय खाली असतानाच करायचं, म्हणजे पाणी भरताना दोन्ही मिळून भार घेतात.

झाडांबद्दल थोडंसं. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं दरजांत उगवतात. बोटाएवढी असताना मुळासकट निघतात. मनगटाएवढं खोड झाल्यावर ओढून काढलं तर सोबत दगड हलतो. ते कापून, बुंध्यात भोकं पाडून मूळ मारायचं, आणि कुजून रिकामी झालेली वाट पुढच्या उन्हाळ्यात ग्राउटने भरायची.

सांडवा आणि झडपा

जुना सांडवा त्या वेळच्या पुराच्या अंदाजावर बेतलेला असतो. ५० चौरस किलोमीटर पाणलोटाला पश्चिम महाराष्ट्रासाठी वापरात असलेलं इंग्लिस सूत्र सेकंदाला सुमारे ८०० घनमीटर पूर सांगतं. १०० मीटर लांबीच्या साध्या सांडव्यावरून दीड मीटर उंचीचं पाणी जात असेल तर तो जेमतेम ३१० घनमीटर वाहून नेतो. ८०० जायला उंची २.८ मीटर लागते. माथा तेवढा वर नसेल तर पाणी भिंतीवरून जाणार. दगडी भिंत थोडा वेळ ते सोसते, पण टोकाचे मातीचे भराव सोसत नाहीत आणि पायथ्याचा खडक उखडतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर खाली खडकवासल्याची दगडी भिंत त्या लोटाखाली बुडाली, काही तास उभी राहिली आणि मग गेली. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं. तेही शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्याचंच तळं.

म्हणून सांडव्यावर फळ्या, वाळूची पोती किंवा दीड-दोन फुटांचं बांधकाम करून जास्त पाणी साठवण्याचा मोह टाळायलाच हवा. ३० ऐवजी ३१ मीटर पाणी उभं राहिलं तर रेटा सुमारे ७ टक्के आणि उलथवणारा जोर १० टक्क्यांनी वाढतो. सांडव्याची वाट मात्र तितकीच अरुंद होते.

पाणीपुरवठ्याच्या धरणाची आणखी एक अडचण: ते लवकर रिकामं करता येत नाही. ९०० मिलिमीटरचा एक नळ, वर १५ मीटर पाणी असताना, पूर्ण उघडला तर सेकंदाला साधारण ६ घनमीटर सोडतो. दिवसाला सुमारे पाच लाख घनमीटर. दोन कोटी घनमीटरचा जलाशय असेल तर महिन्याहून अधिक लागेल, तेही नदीचं पाणी येत नसताना. पावसाळ्यात गडबड झाल्यावर पातळी खाली आणायची वेळ उरत नाही. त्यामुळे शंकास्पद धरणात पावसाळ्याच्या आधीच साठ्याची मर्यादा ठरवावी.

बिडाच्या जुन्या झडपा वर्षातून दोनदा पूर्ण फिरवायच्या, फेऱ्या मोजून लिहायच्या. दरवेळच्यापेक्षा कमी फेऱ्यांत अडली तर जोर लावायचा नाही. एक फेरी मागे, दोन पुढे असं करत गाळ सुटू द्यायचा. जास्त माणसं लावून हँडल ओढलं की दांडा पिळवटून तुटतो आणि झडप कायमची अडकते. पाण्याकडच्या बाजूला राखीव झडप चालती नसेल तर भिंतीतला नळ दुरुस्तच करता येत नाही. खर्चाच्या यादीत ती वरती हवी.

भूकंपाचा हिशोब या धरणांत मुळी नव्हता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या काँक्रीट धरणाला वरच्या भागात, जिथे छेदाचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. जुन्या दगडी भिंतीचा माथाही तसाच बारीक असतो, तेव्हा धक्का बसल्यावर पाहणी तिथून सुरू करा.

पालिकेकडे काय मागायचं

धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. १५ मीटरपेक्षा उंच प्रत्येक धरण त्यात येतं. १० ते १५ मीटरची काही धरणंही येतात. धरणाचा मालक पालिका असेल तर जबाबदारी पालिकेची: पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, उपकरणं, आपत्कालीन कृती आराखडा, आणि कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत स्वतंत्र तज्ज्ञांकडून पहिलं सर्वंकष मूल्यमापन. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे.

"धरण सुरक्षित आहे का" असं विचारलं तर "आहे" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी कागद मागा. गेल्या पाच वर्षांच्या व्ही-नॉचच्या नोंदी, जलाशय पातळीसह. पायातल्या नळ्यांची वाचनं. अपलिफ्ट धरून केलेला स्थिरतेचा हिशोब, आणि त्यात निचरा चालू धरला आहे की बंद. आजच्या पावसाच्या आकड्यांवर काढलेला पूर आणि सांडव्याची क्षमता. मागच्या दोन तपासण्यांत दाखवलेल्या त्रुटी आणि त्यांवर काय झालं. खालच्या गावांचा पूर-नकाशा. माहिती अधिकारात हे मागता येतं. नोंदी नसतील तर तेच पहिलं काम आहे: एक व्ही-नॉच, एक वही आणि रोज ठरल्या वेळी जाणारा एक माणूस. यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही, आणि येत्या पावसाळ्याआधी ते सुरू होऊ शकतं.

जलाशय भरलेला असताना पुढचं काही दिसलं तर मात्र कागदांची वाट न पाहता त्याच तासाला तहसीलदार आणि धरणाच्या अभियंत्याला कळवा: गळतीचं पाणी अचानक गढूळ होणं, एका रात्रीत प्रवाह दुप्पट होणं, पायथ्याच्या जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येणं, माथ्याच्या कठड्याची सरळ रेघ वाकलेली दिसणं, किंवा नेहमी वाहणारी निचऱ्याची भोकं एकदम कोरडी पडणं.